डाव्या टॉन्सिलचा वाद

श्रावण,

परवा देवळीला तुझ्या शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. जो उठला त्यानं तुला शांत, मितभाषी आणि सोशिक म्हटलं. शिक्षण खात्याचे एक साहेब तर म्हणाले की श्रावण गुरुजींनी उभ्या आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. यशोदावहिनी बायकांत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडताहेत. त्या हसू दाबत होत्या.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. ज्याच्याशी लहानपणापासून नुसते वादच घातले, त्याच्याविषयी तो समोर नसताना एकट्यानं काय बोलायचं? कुणी मध्येच अडवून 'थांब मन्या, हे चूक हाये' म्हणणार नसेल, तर माझ्या बोलण्याला चव येत नाही. म्हणून सभेत बोललो नाही, आणि आज घरी हे लिहायला बसलो. आपला एक वाद अर्धवट राहिला होता. त्याचं पुढं काय झालं, ते तुला सांगायला हवं.

तू मानेतली गाठ दाखवायला आलास तेव्हा कापूस निघायला लागला होता. देवळीच्या मोटारीनं वर्ध्याला उतरलास, माझ्या दवाखान्याच्या बाकावर इतर रोग्यांत बसलास, आणि नंबर येईपर्यंत मला निरोपही पाठवला नाहीस. मी चिडलो, तर म्हणालास, "आता पेशंट म्हणून आलो. दोस्त म्हणून संध्याकाळी घरी येतो, चहाले."

मग सदऱ्याचं वरचं बटण काढलंस. डाव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. बोटानं हलवली तर जेमतेम हलत होती.

"गंडमाळ हाये म्हणे. वैद्यानं लेप देल्ला. मंग एक डाक्टर म्हणे, चिरा मारून टाकू. म्हटलं, पह्यले मन्याले दाखवू."

तू चिरा मारू दिला नाहीस, यासाठी मी त्या दिवशी मनातल्या मनात तुझे आभार मानले. मुंबईला शिकत असताना आमच्या सरांनी आम्हांला बजावलेली पहिली गोष्ट हीच होती. चाळिशीतल्या माणसाच्या मानेत अशी कडक, न दुखणारी गाठ दिसली, तर सुरीला हात लावू नका. आधी त्याचं तोंड उघडा. नाकामागची पोकळी, टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्राच्या आजूबाजूचे कोपरे, सगळं नीट बघा. कारण अशा गाठीचा रोग बहुधा गाठीत सुरू झालेला नसतो. तो वर कुठंतरी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत सुरू होतो, आणि तिथून सुटलेल्या पेशी मानेत उतरून वाढतात. गाठ काढली आणि मूळ तसंच राहिलं, तर काम अर्धंच झालं.

मी सुईनं गाठीतला थोडा अंश काढला, काचेवर पसरला आणि नागपूरला तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला, आणि तो घशाच्या किंवा तोंडाच्या आतल्या अस्तरातून येतो त्या जातीचा.

तुला सांगताना मी बरीच प्रस्तावना केली. तू ती मध्येच तोडलीस. "गाठीतला कॅन्सर, पण गाठीचा नाई. मंग कुठचा?"

"तेच शोधायचं आहे."

"म्हणजे लेकरू सापडलं, मायबाप नाई सापडले."

असं म्हणून तू हसलास, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलास. बाहेर काही नव्हतं, एक बैलगाडी कडुनिंबाखाली सोडलेली होती. मी नागपूरचा कागद घडी घालून खणात ठेवला. बोलायला हवं होतं की नव्हतं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

तुझ्या घशाचा शोध मी किती प्रकारे घेतला ते तुलाच ठाऊक. मी कपाळावर आरसा बांधायचा, मागे दिवा ठेवायचा. घशात घालायचा लहान आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरून कोमट करायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. तुझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढायची आणि सांगायचं, "ई म्हण." एरवी शाळेच्या ओसरीवर पेपर वाचायला बसलास की पार चौकातल्या पानवाल्यापर्यंत तुझा आवाज जायचा, आणि इथं तुझा 'ई' बोकडासारखा निघायचा. सिस्टर हसायची, तू रागवायचास. आरशात मला तुझे स्वरतंतू पांढरेशुभ्र दिसायचे. त्यांच्या खालचे, बाजूचे खळगे स्वच्छ. काही नाही.

मग मी बोट घालायचो. डोळ्याला जे दिसत नाही ते पुष्कळदा बोटाला लागतं, हेही सरांचंच. जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलवर, टाळूच्या मागं हळूहळू दाबत जायचं आणि कुठं बारीकसा टणकपणा लागतो का ते बघायचं. तुला उमासे यायचे. एकदा तू माझं बोट चावलंस आणि वर म्हणालास, "चावलो नाई, दात मिटले."

एवढं करून काही लागलं नाही, तेव्हा तुला ईथर देऊन झोपवलं आणि धातूची नळी घालून घसा थेट पाहिला. अन्ननलिकेचं तोंड पाहिलं. नाकामागून आणि जिभेच्या मुळातून, जिथं रोग दडण्याची शक्यता जास्त तिथून, बारीक तुकडे घेतले. ते पाठवले. उत्तर आलं, सगळे निरोगी.

राहिला डावा टॉन्सिल. दिसायला लहान, गुलाबी, दोन्ही बाजूंचे सारखेच. बोटाला मऊ. त्याच्यावर आळ घ्यायला काही कारण नव्हतं. पण टॉन्सिलला आत खोल चिरा असतात आणि गाठही त्याच बाजूची होती. मला वाटत होतं की वरवरचा तुकडा घेऊन उपयोग नाही, अख्खा टॉन्सिल काढावा आणि आतून-बाहेरून तपासावा. हे कुठल्या पुस्तकात ठामपणे लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. माझंच मत होतं, आणि ते मी तसंच तुझ्यासमोर ठेवलं.

तू माझ्या घरी ओसरीवर बसला होतास. वहिनीही होत्या. तू चहाची बशी खाली ठेवलीस.

"त्या टॉन्सिलात रोग दिसला काय?"

"नाही."

"हाताले लागला?"

"नाही."

"मंग काऊन काढून राह्यला?"

"असू शकतो म्हणून."

"असू शकते म्हणून," तू माझेच शब्द परत म्हटलेस. मग मला विचारलंस, "चौथीत असताना मास्तरचं घड्याळ गेलतं, ध्यानात हाये?"

होतं. मास्तरांचं घड्याळ वर्गातून नाहीसं झालं तेव्हा त्यांनी एकट्या तुला उभं केलं होतं. तुझा झोळा उलटा केला, काही निघालं नाही. तरी मार तुलाच बसला. दोन दिवसांनी घड्याळ त्यांच्या घरीच सापडलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

"तवाही असंच म्हणे," तू म्हणालास. "यानं घेतलं असू शकते."

मी म्हटलं, "श्रावण, टॉन्सिल म्हणजे माणूस नाही. त्याला अपमान वाटत नाही."

"पण तो माह्या गळ्यात हाये. मले वाटते."

मी पुष्कळ समजावलं. तू ऐकून घेतलंस, उलटे प्रश्न विचारलेस. काढला आणि त्यात काही निघालं नाही तर पुढं काय काढशील? जिभेचं मूळ? नाकाचा मागचा भाग? थांबशील कुठं? शेवटी तू म्हणालास, "गाठ दिसते. गाठ काढ, मी हो म्हणतो. जे दिसत नाई त्याले नाई." जाताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, त्यायनं एकदा नाई म्हटलं ना, तर मंग नाई."

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी तुझ्या मानेचं मोठं ऑपरेशन केलं. डाव्या बाजूच्या सगळ्या गाठी, त्यांच्याबरोबरचा स्नायू, मोठी शीर, सगळं एका तुकड्यात काढावं लागतं. खांदा उचलणारी एक नसही त्यात जाते. ते मी आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि ज्याचा खांदा खाली येतो त्यानं तो रोज वागवणं वेगळं. तुझा डावा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा वहिनी घालून द्यायच्या. फळ्यावर लिहायला उजवा हात शाबूत होता, म्हणून तू फार कुरकुर केली नाहीस. डाव्या हातातलं पुस्तक मात्र वर धरता येत नाही, हे तुला लागलं.

जखम भरली, तरी वरची कातडी पातळ होती. त्याच साली दसऱ्याला तू नागपूरला धम्मदीक्षेला निघालास. मी जाऊ नको म्हटलं. गर्दीत धक्का लागेल, धूळ आहे, ऊन आहे. तू मान डोलावलीस आणि गेलास. वहिनी, दोन्ही पोरी, सगळे पांढऱ्या कपड्यांत. परत आल्यावर तपासायला आलास तेव्हा मी तुझ्यावर बराच ओरडलो. मानेवर उन्हानं लाल चट्टा उठला होता. तू ओरडू दिलंस. मग हळू म्हणालास, "मन्या, तिथं सगळ्यायनं मिळून कितीतरी गोष्टीले नाई म्हटलं. हे करणार नाई, ते मानणार नाई. लहानपणापासून मले सगळे सांगत आले, तुले हे नाई, ते नाई. यावेळी नाई म्हणणारा मी होतो."

मी आरसा कोमट करत होतो. म्हटलं, "आता तरी तो टॉन्सिल काढू दे."

"आता तर आदतच लागली नाई म्हणाची," तू म्हणालास, आणि तोंड उघडलंस.

मला तेव्हा तुझा राग आला होता. आज ते आठवून बरं वाटतं. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर महिन्याच्या महिन्याला तू येत राहिलास. मी आरसा लावायचा, बोट घालायचं, तोच टॉन्सिल तसाच गुलाबी. काही नाही म्हटलं की तू विजयी मुद्रेनं बघायचास. मग तू बाकावर बसायचास आणि आपण दुसरंच बोलायचो. पोरींना सातवीनंतर वर्ध्याला ठेवायचं की रोज मोटारीनं पाठवायचं. ज्वारी पेरावी की सगळीकडे कापूसच. मी देव मानतो तर मग रोगी मेल्यावर रागावतो कुणावर. त्या तपासण्या रोगासाठी होत्या हे मी हळूहळू विसरलो. तुझा दिवस ठरलेला होता आणि मी त्याची वाट बघायचो. तसं म्हटलं मात्र कधी नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मग कोरडा खोकला सुरू झाला. तू म्हणालास, खडूची भुकटी. मी छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल सावल्या होत्या, लहानमोठ्या. तू फोटो उजेडाकडे धरायला लावलास, स्वतः पाहिलास आणि विचारलंस, "किती?"

"मोजत नाहीत हे."

"सावल्या नाई विचारून राह्यलो."

मी फोटो पाकिटात घालून ठेवला. तुला ते उत्तरच वाटलं.

शेवटचे दिवस तू दवाखान्यात होतास, कोपऱ्यातल्या खाटेवर, तक्क्याला टेकून. आडवं झालं की धाप लागायची. एका दुपारी वहिनी पाणी भरायला गेल्या होत्या. तू मला जवळ बसायला सांगितलंस. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्यांत बोललास.

"मेल्यावर पाहून घेजो."

"काय?"

"टॉन्सिल. जितेपणी नाई म्हटलं. मेल्यावर माही हरकत नाई. यशोदीले सांगून ठेवलं मी."

मी म्हटलं, "आता त्याचं काय करायचं आहे?"

"तुले काम येईल. दुसऱ्या कोणाच्या." मग थोडा वेळ श्वास घेतलास. "अन् तिनं विचारलं, तर खरं सांगजो."

तू गेलास ती सकाळ होती. मी राऊंडला निघालो होतो, सिस्टर धावत आली. वहिनी तुझा हात धरून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, त्यायनं मले सांगितलं होतं. पाहा तुम्ही. पण लवकर करा, पोरी घरी वाट पाहून राह्यल्या."

श्रावण, मी आजवर पुष्कळ शरीरं उघडली आहेत, मेलेलीही. पण तुझं तोंड उघडताना 'ई म्हण' असं माझ्या तोंडून निघून गेलं. बरोबरच्या माणसानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मी डावा टॉन्सिल पूर्ण काढला. बाहेरून तसाच, गुलाबीचा आता फिका झालेला, पण गुळगुळीत. पाव कापावा तशा त्याच्या पातळ चकत्या केल्या. पहिल्या काहींत काही नव्हतं. खालच्या टोकाजवळच्या एका चकतीत, खोल चिरेच्या तळाशी, पांढुरका कडक ठिपका होता. तुरीच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढा. कितीही बोट दाबलं असतं तरी लागला नसता आणि कुठल्याही आरशात दिसला नसता. नागपूरहून काचा तपासून आल्या. तोच रोग, त्याच जातीचा.

म्हणजे मी म्हणत होतो तिथंच होता. आणि तू म्हणत होतास तेही खरं होतं, की मला काही दिसत नव्हतं, काही लागत नव्हतं, मी अंदाजावर बोलत होतो. मला वाटलं होतं, सापडलं की वाद मिटेल. मिटला नाही. तेव्हाच काढला असता तर तू वाचला असतास का? रात्रंदिवस स्वतःला विचारून बघितलं. छातीतल्या सावल्या त्या दाण्यातून गेल्या की मानेतल्या गाठींतून आधीच सुटल्या होत्या, हे कुणी सांगू शकत नाही. मला तर वाटतं, गाठ घेऊन तू बाकावर बसलास तेव्हाच उशीर झाला होता. पण हे मला वाटणं आहे, आणि माझ्या वाटण्यावर तू किती विश्वास ठेवायचास ते मला माहीत आहे.

काचांचा निकाल आला त्या आठवड्यात मी देवळीला गेलो. वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मला बाज टाकून दिली. थोरली पाणी घेऊन आली. ती आत गेल्यावर वहिनींनी विचारलं.

"सापडलं काय, भाऊ?"

येताना मोटारीत मी काय सांगायचं ते दहा प्रकारे जुळवलं होतं. त्यातला एकही प्रकार आठवला नाही. म्हटलं, "हो."

"कुठं?"

"डाव्या टॉन्सिलमध्ये. आत, खोल."

त्यांना ती ओसरीवरची संध्याकाळ आठवत होती. चेहऱ्यावरून कळत होतं. मी पुढं घाईघाईनं सांगायला लागलो की तेव्हा काढला असता तरी उपयोग झाला असता असं नाही, की छातीत आधीच गेलं असेल. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"तुमी विचारलं होतं ना त्यायले?"

"हो."

"अन् ते नाई म्हटले."

"हो."

"अन् तुमी ऐकलं." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. "भाऊ, सरकारी दवाखान्यात माह्या सासूचा पाय कापला. कोणी विचारलं नाई. आम्ही बाहेर बसून होतो, मंग सांगितलं, कापला म्हणून. त्या म्हातारीनं मरेपर्यंत हेच म्हटलं, कापाचा होता तर कापाचा होता, पण एक खेप विचाराचं होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्यायच्या मनासारखं झालं. दुखते, पण तसं झालं."

मी पाणी प्यालो. परत निघताना त्यांनी तुरीची डाळ बांधून दिली, ती घ्यावी लागली.

काल वडनेरहून एक बाई दुसऱ्यांदा आली. शेतकऱ्याची बायको, पन्नाशीची, पाठीशी नवरा उभा. उजव्या बाजूला मानेत गाठ, आणि सुईनं काढून नागपूरला पाठवलेला तिचा अंश तुझ्याच रोगाच्या जातीचा निघालेला. आरसा लावला, बोट घातलं, पुढं ईथर देऊनही बघेन, पण आतापर्यंत काहीच दिसलेलं नाही. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, टॉन्सिल निरोगी दिसतो. तरी तो अख्खा काढून बघावा असं मला वाटतं. माझ्या एका दोस्ताच्या अशाच दिसणाऱ्या टॉन्सिलमध्ये रोग निघाला होता. तुमच्यात निघेलच असं नाही. काढला तर चार दिवस घसा दुखेल, जेवण गिळताना त्रास होईल. नाही म्हटलंत तरी मी तुमचा इलाज सोडणार नाही.

नवरा लगेच म्हणाला, "काढून टाका साहेब, आमाले काय समजते?"

मी म्हटलं, "तुम्ही थांबा. मी त्यांना विचारतो आहे."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असा प्रश्न तिला कुणी पहिल्यांदाच विचारत असावं. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आज नाई सांगत. इचार करतो, सोमवारी येतो."

ठीक आहे, म्हटलं. सोमवारी या.